चोवीस गॅलन तेल आणि पहिली कात्री

अतिउ बेट, मंगळवार, विमानतळाच्या बाकावर, डाक नेणाऱ्या विमानाची वाट पाहत

प्रिय तेपाएरू,

तुला, जावईबापूंना आणि लांब केसांच्या आमच्या तौरारीला या मामाचे भरभरून आशीर्वाद. देवदयेने इकडे सगळे खुशाल आहेत. मामीचा गुडघा कुरकुरतो, पण मामीपेक्षा कमी. तुमच्या तब्येती कशा आहेत ते कळव. माझी तब्येत तुझ्यामुळे वाचली, आणि त्याचे आभार मानायलाच हे पत्र आहे.

झालं ते असं. तुझ्या लेकाच्या, तौरारीच्या, पहिल्यांदा केस कापण्याच्या समारंभाला तुमच्याकडे रारोटोंगाला यायचं म्हणून आम्ही सात जणांनी विमान ठरवलं. वैमानिकाने बजावलं, माणसं, पिशव्या, तेल सगळं धरून आठशे किलो, वर एक नारळही नाही. मग आम्ही खोबऱ्याच्या गोदामातल्या काट्यावर पिशव्यांसकट एकेक करून चढलो. शेवटी मी चढलो. काटा एकशे अठरावर गेला, आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि तो तिथेच थांबला (आजही तो एकशे अठराच दाखवतो, रिकामा असताना सुद्धा). बेरीज झाली सातशे. म्हणजे तेलाला उरले शंभर किलो, आणि तेल तोलायला काटा उरला नाही.

आता तेल म्हणजे आहेरात द्यायचं आपल्या घरचं खोबरेल, फुलं घालून उन्हात मुरवलेलं, चार-चार गॅलनचे सहा डबे. तुझा धाकटा मामा तेरेमोआना तीस वर्षं त्या गोदामात कारकून होता, त्यामुळे वजनाच्या बाबतीत त्याच्यापुढे आमचे पाद्रीही बोलत नाहीत. तो म्हणाला, "गॅलनला दहा पौंड, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चोवीस गॅलनचे दोनशे चाळीस पौंड, म्हणजे एकशे नऊ किलो. नऊ किलो जास्त!" आणि सगळ्यांनी एकदम माझ्या पोटाकडे पाहिलं.

तेल कमी करायचं तर आम्ही मामाकडचे लोक कंजूष ठरणार. तेव्हा ठरलं की पंधरा दिवसांत मी नऊ किलो उतरवायचे, नाहीतर मी मागे राहायचं आणि पहिली कात्री तेरेमोआनाने चालवायची. तेपाएरू, तुझ्या आईने शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून सांगितलं होतं, "माझ्या नातवाची पहिली बट तूच कापायचीस." ती बट त्या कारकुनाने कापायची? मी उपास धरला. सकाळी पपई, दुपारी पपई, संध्याकाळी पपईकडे नुसतं बघणं. रविवारी चर्चनंतर भट्टीतून डुक्कर निघालं तेव्हा मी डोळे मिटून प्रार्थना म्हणत होतो, आणि मामी शेजारी बसून हाडं चोखत होती (मुद्दाम, आवाज करून).

आठव्या दिवशी रडकुंडीला येऊन तुला फोन केला. तू शाळेतल्या पोरांना विचारावं तसं विचारलंस, "मामा, तेल पाण्यात घातलं तर काय होतं?" मी म्हटलं, "तरंगतं." तू म्हणालीस, "मग ते पाण्याइतकं जड कसं असेल? गॅलनला दहा पौंड हे पाण्याचं." मग तू सांगितलंस ते मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. एका गॅलनला चार पूर्णांक पंचावन्न लिटर, म्हणून चोवीस गॅलनचे एकशे नऊ लिटर, आणि खोबरेल लिटरला भरतं फक्त नऊशे वीस ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून शंभर किलो आणि वर थोडे ग्रॅम. "चपला घरी ठेवून या, मामा, बस झालं," म्हणालीस.

पोरी, साठ वर्षं मी तेल पाण्यावर तरंगताना पाहतोय, तेरेमोआनाने तीस वर्षं खोबऱ्याच्या गोदामात काढली, आणि अक्कल आली ती तुझ्या फोनने. पुठ्ठा त्याला दाखवला तेव्हा त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "आमच्या वेळी तेल जड असायचं." तुला शिकवायला तुझ्या आईने चटया विणून बोटं झिजवली, ते आज माझ्या पोटाला पावलं. तुझे उपकार मी कसे फेडू?

तुझा अनवाणी यायला तयार असलेला,
मामा

ता.क. डब्यांचं वजन आपण कोणीच धरलं नव्हतं. रिकामा डबा एक किलोचा. डबे सहा.

ता.ता.क. फोन ठेवल्यावर आनंदाच्या भरात मी दोन दिवस जेवलो. किती ते विचारू नकोस, काटा मोडला आहे.

ता.ता.ता.क. आता खरं सांगतो, रागावू नकोस. काल तुझ्या पद्धतीने मी स्वतःच एक हिशेब केला. आम्ही सात जण, पिशव्या, तेल, डबे, सगळं मिळून आठशेच्या वर. तुम्ही तिघं, फार तर दोनशे. कात्री इथे आहे, तेल इथे आहे, आणि तुझी आईही इथेच आहे, अंगणात, पांढऱ्या थडग्यात. तिला कुठल्याच विमानात बसवता येत नाही. तेव्हा तुम्हीच या ना. तौरारीची खुर्ची मी तिच्या शेजारी मांडून ठेवली आहे.