खंडेनवमीला फिरलेली लेथ

आबा, कंपनीनं मला गुजरातच्या नव्या प्लांटला जायला सांगितलंय. सोमवारी उत्तर द्यायचंय. जा, नाहीतर राजीनामा दे, असं तोंडावर कुणी म्हणत नाही. मोठ्या कंपनीत सगळं गोड भाषेत येतं. तुम्ही असतात तर एका वाक्यात निकाल लावला असता, वर एक शिवीही हासडली असती.

काल खंडेनवमी होती, म्हणून तुमची आठवण जरा जास्तच आली. उद्यमनगरातली आपली पत्र्याची शेड, धुऊनपुसून ठेवलेली एकुलती एक लेथ, तिच्यावर झेंडूची माळ. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, हा तुमचाच दंडक. मी शाळकरी, पेढे वाटतोय. तेवढ्यात गारगोटीकडचा एक गिरणीवाला मोडका शाफ्ट खांद्यावर घेऊन दारात उभा राहतो. "पावणं, आज न्हाय," तुम्ही म्हणता. तो रडकुंडीला येतो. "मालक, अख्ख्या गावाचं दळाण अडलंय. उद्या दसरा हाय की." तुम्ही लेथकडे बघता, माळ उतरवून माझ्या गळ्यात घालता आणि बटण दाबता. आई ओरडते, "अवं, देवाला काय सांगशीला?" "त्याला सांगतो मी. गाव पोळीबिगर ठेवू व्हय?" तिन्हीसांजेला तो गिरणीवाला तुमच्या पाया पडून गेला.

काल कंपनीतही पूजा झाली. प्लांट हेडनं नारळ फोडला, फोटो निघाले, मशीन चालूच. क्वालिटीचा मॅनेजर म्हणून दुपारी मशीनवरून उतरलेल्या एका जॉबवरून हात फिरवला, तुम्ही फिरवायचात तसा, आणि कळलं, टूलची धार गेलीय. पण लाइन थांबवायला पुण्याच्या हेड ऑफिसची परवानगी लागते. मेल केला, फोन लावला; साहेब मीटिंगमध्ये. परवानगी आली तोवर बिघडलेल्या जॉबनी भंगाराची पेटी भरली होती आणि बोलणी मलाच बसली. थकलोय आबा. कामानं नाही, विचारून विचारून.

पण कंपनीला नावं तरी कुठल्या तोंडानं ठेवू? आईचं डायलिसिस कंपनीच्याच विम्यावर चालतं. दवाखान्यात कार्ड दाखवलं की खुर्ची देतात. तुमच्या छातीत दुखायचं तेव्हा तुम्ही "दसरा झाल्यावर बघू" म्हणायचात, कारण शेड बंद ठेवणं परवडायचं नाही. तुमच्यावर साहेब नव्हता, तसं तुम्हाला घरी बसा म्हणणारंही कुणी नव्हतं. याचा मला अजून राग येतो. आईला विचारलं तर म्हणाली, "तू जाशील तिकडं मी येतो. तिकडं बी दवाखाना असंलच की."

तेव्हा सोमवारी मी हो म्हणणार आहे. शेडचं काय करायचं ते ठरवलेलं नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगतो. काल सुटल्यावर घरी न जाता शेड उघडली. सकाळी मीच घातलेली माळ उतरवली आणि बटण दाबलं. कुणाची गिरणी अडली नव्हती, हातात काही काम नव्हतं. लेथ नुसतीच फिरत राहिली, आणि मी तिच्याजवळ उभा राहिलो. कुणालाही विचारलं नाही.