महारुद्र फडची खरी जन्मतारीख

मी, सूर्यभान आबासाहेब जोगदंड, वय ६९ वर्षे, सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार गंगाखेड, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझ्या यकृतातली गाठ पोटभर पसरली आहे आणि नांदेडच्या डॉक्टरांनी उपचार थांबवले आहेत. डोके मात्र ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी पढवलेले नाही, कोणी दडपण आणलेले नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत घर होते, जमीन होती, बँकेतल्या ठेवी होत्या. जे लिहायला हवे होते तेवढेच नव्हते.

कलम १. गंगाखेड येथील माझे राहते घर, त्यातील सर्व सामान आणि बँकेतील ठेवी माझी पत्नी सौ. कौशल्या हिला मिळाव्यात व तिच्या पश्चात आमची मुलगी राजेश्री हिला. कौशल्याने हे सगळे मृत्युपत्र वाचून फक्त एवढेच विचारले, "इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात, तेव्हा मला का नाही सांगितलं?"

कलम २. माझी मोटरसायकल राजेश्रीच्या यजमानांनी वापरावी. ब्रेक बदलून घ्यावेत.

कलम ३. बैठकीत काचेच्या कपाटात ठेवलेले चषक आणि 'आदर्श क्रीडा मार्गदर्शक' असे लिहिलेले मानपत्र मोडीत घालावे. नातवंडांना देऊ नये. ज्या खेळाडूमुळे ते मानपत्र मिळाले त्याचे नाव महारुद्र चंद्रभान फड. त्याचे पुढे काय झाले ते खाली लिहितो.

कलम ४. माझ्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात खाकी पाकिटात एक कागद आहे. तो महारुद्रच्या प्राथमिक शाळेचा दाखला आहे. त्यावर जन्मतारीख ९ ऑक्टोबर १९८९ अशी आहे आणि तीच खरी आहे. हा कागद शाळेच्या फायलीत असायला हवा होता. तो मी चोरून घरी आणला.

महारुद्र आठवीत असताना आमच्या शाळेच्या खो-खोच्या संघात होता. त्याचे वडील चंद्रभान मोंढ्यात हमाली करत. पोरगा अंगाने लहान, पण वळायचा असा की पाठलाग करणारा तोंडावर पडायचा. मी त्याला खो-खोतून उचलून बास्केटबॉलच्या मैदानावर आणले. मैदान म्हणजे मुरूम टाकून चोपलेली जागा आणि वेल्डरकडून करून घेतलेल्या दोन रिंगा. चेंडू घेऊन पुढे जाणारा, कोणी कुठे पळायचे ते ठरवणारा खेळाडू म्हणजे पॉइंट गार्ड. हे काम शिकवून येत नाही. महारुद्रला ते तीन महिन्यांत आले. मी बाकावरून ओरडायच्या आत तो मला सांगायचा, "सर, त्यो उंच पोरगा डाव्या पायावर लंगडायलाय. तिकडूनच जातो."

२००६ च्या जून महिन्यात सोळा वर्षांखालील राज्य संघाची निवड होती. महारुद्रला सोळा पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "जोगदंड, मला काही माहीत नाही आणि तुम्हीही मला काही सांगितलेलं नाही." ते आता हयात नाहीत. त्यांच्यावर ढकलण्यासाठी हे लिहीत नाही. रजिस्टर त्यांनी उघडले नाही, मी उघडले. १९८९ चे १९९१ केले. अक्षर माझे आहे.

महारुद्र कार्यालयाच्या दारात उभा होता. म्हणाला, "सर, माजी तारीख तर दुसरीच हाय."

मी म्हणालो, "दोन वर्षं लहान झालास. दोन वर्षं जास्त खेळशील. बापाला पोती वाहताना बघतोस ना?"

तो हसला. सोळा वर्षांचा मुलगा आपल्या मास्तरासमोर दुसरे काय करणार?

तीच तारीख दहावीच्या सनदेवर गेली आणि तिथून सगळीकडे. साताऱ्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात अकरा सेकंद उरली होती, आम्ही एका गुणाने मागे होतो. सगळे प्रेक्षक ओरडत होते आणि हा शांतपणे आमच्या उंच मुलाला सांगत होता, "तू नुस्ता डाव्या कोपऱ्यात थांब. चेंडू येतो." चेंडू आला. आम्ही जिंकलो. पुढे तो अठरा वर्षांखालील राज्य संघाचा कर्णधार झाला. खेळाडूंच्या कोट्यातून मुंबईत एका सरकारी उपक्रमात नोकरी लागली. २०१५ साली नव्या निघालेल्या व्यावसायिक लीगमध्ये एका संघाने त्याला करारावर घेतले. सामने टीव्हीवर दिसत. मोंढ्यातल्या चहाच्या हॉटेलात हमालांनी टीव्ही लावून घेतला होता आणि चंद्रभान डोक्याला टॉवेल बांधून सगळ्यात पुढे बसायचा. त्याला गुण कळायचे नाहीत. "चेंडू माज्या पोराच्या हातात हाय का?" एवढेच तो विचारायचा. बहुतेक वेळा असायचा. २०१७ च्या अखेरीस भारतीय संघाच्या शिबिरासाठी महारुद्रला पत्र आले.

कलम ५. परभणीचे क्रीडाशिक्षक माणिकराव यांच्याविषयी. महारुद्रच्या आजोळी, सोनपेठ तालुक्यात, ग्रामपंचायतीत त्याचा जन्म नोंदलेला होता. शिबिराचे पत्र आल्यावर तो उतारा शोधून बास्केटबॉल संघटनेकडे तक्रार माणिकरावांनीच केली. त्यांनी तयार केलेला एक खेळाडू २००६ च्या निवडीत वगळला गेला होता, त्याच जागी माझा महारुद्र आला होता. मी माणिकरावांना सात वर्षे चारचौघांत शिव्या दिल्या, त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. त्यांची तक्रार शब्दन् शब्द खरी होती. एका सायकलवर दोघे फिरायचो तेव्हापासूनची दोस्ती मी मोडली, ती मोडण्याचा हक्क त्यांना होता, मला नव्हता. हे कलम राजेश्रीने त्यांना वाचून दाखवावे.

कलम ६. २०१८ च्या एप्रिलमध्ये चौकशी समितीने मला पुण्याला बोलावले. मी निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. पेन्शन जाईल, घरावर बोटे उठतील, ही भीती मला रात्रंदिवस पोखरत होती. महारुद्र समितीला खरे सांगून बसला होता की तारीख सरांनी बदलली. मला विचारले तेव्हा तो समोरच्या खुर्चीवर होता. मी म्हणालो, "पालकांनी सांगितली ती तारीख लिहिली. मुलगा घाबरून खोटं बोलतोय."

बाहेर आल्यावर मी बाटलीतले पाणी पुढे केले. त्याने ते घेतले नाही.

त्याच्यावर बंदी आली. लीगचा करार गेला. खोटी तारीख देऊन नोकरी मिळवली म्हणून नोकरी गेली. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. पॉइंट गार्डच्या डोक्याची आणि पायांची गाठ नेमकी याच वयात बसते. बंदी उठली तेव्हा लीग बंद पडली होती आणि त्याचे गुडघेही. आज तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी नोकरी करतो.

त्या समितीच्या कागदावर माझ्या शब्दामुळे दोष चंद्रभानच्या नावे लागला. महारुद्रने बापाला विचारले होते, "बा, तू सांगितली का रे ती तारीख?" चंद्रभान म्हणाला, "मला आंगठेबहाद्दराला काय कळतंय तारखेतलं? सर म्हनत्यात तर माज्याच तोंडून निघाली आसंल." २०२० च्या फेब्रुवारीत तो वारला. मरेपर्यंत त्याला वाटत होते की पोराचा घात आपण केला. मी त्याच्या मातीला गेलो होतो. खांदा दिला होता.

या मृत्युपत्रासाठी मी अ‍ॅड. नीलमताईंचा सल्ला घेतला. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी तुमच्या पेन्शनला आता कोण हात लावणार? मी ज्या भीतीच्या आड बसलो होतो ती एखाद्या वकिलाला विचारले असते तर एका दिवसात फिटली असती. मी विचारलेच नाही.

कलम ७. ~~महातपुरी रस्त्यावरील माझा दोन गुंठ्यांचा प्लॉट महारुद्र चंद्रभान फड यास द्यावा आणि माझा कबुलीजबाब माझ्या मृत्यूनंतर संघटनेकडे पाठवावा.~~ हे कलम मी स्वतः खोडले आहे. शेजारी माझी सही आहे. प्लॉट राजेश्रीला मिळावा.

खोडण्याचे कारण असे. १६ नोव्हेंबरला, रविवारी, मी महारुद्रला घरी बोलावले आणि हा मसुदा वाचायला दिला. सात वर्षांनी तो माझ्या उंबऱ्याच्या आत आला. उभ्यानेच वाचला.

"मेल्यावर कबूल करनार व्हय, सर?"

त्याने मसुदा घडी करून माझ्यासमोर ठेवला.

"मेलेल्या मानसाला उलटा प्रश्न कोन इच्चारनार? आन तुमच्या प्लॉटवर मी काय करू? रिंग लावू?"

मी म्हणालो, "माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही."

"माज्यासाठी आता काय बी देऊ नका. मला कोन खेळवनार हाय? गुडघा वाकत न्हाई माजा." मग म्हणाला, "आईला सांगा. ती आजून म्हनती, तुज्या बानंच घात केला. ह्ये मी सांगितलं तर तिला वाटतंय, मी बापाला झाकायलोय. तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मी हो म्हणालो. तो जायला निघाला तेव्हा मी विचारले, साक्षीदार म्हणून सही करशील का? नीलमताईंनी सांगितले होते की ज्याला काही द्यायचे आहे त्याने साक्ष करू नये, पुढे वाद होतो.

"मग माजं नाव घेनाऱ्यातनं काढा आन साक्षीत घाला," तो म्हणाला. "फकस्त वय खरं लिवा. तुमच्या हातानं."

कलम ८. कबुलीजबाब, प्राथमिक शाळेच्या दाखल्याच्या नकलेसह, आज सकाळी गंगाखेडच्या पोस्टातून संघटनेला आणि महारुद्रच्या जुन्या कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवला आहे. पावत्या राजेश्रीकडे आहेत. मूळ दाखला महारुद्रला द्यावा. उत्तर येईलच असे नाही.

कलम ९. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. शाळेने सुटी देऊ नये. माझे नाव मैदानाला देण्याचा ठराव दोन वर्षांपूर्वी झाला होता तो रद्द करावा.

कलम १०. मंगळवारी, १८ तारखेला, मी रिक्षाने महारुद्रच्या घरी गेलो. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या आहेत. त्याची आई पार्वतीबाई शेंगा फोडत बसली होती. मला पाहून पदर सावरला, "सर, लय वाळलात," म्हणाली आणि बसायला घोंगडी टाकली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले की तारीख मी बदलली, चंद्रभानने कधीच काही चुकीचे सांगितले नव्हते, आणि पुण्यात मी खोटे बोललो.

मला वाटले होते ती ओरडेल, शिव्या देईल. मी त्यासाठीच गेलो होतो असे आता वाटते.

तिने हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. मग म्हणाली, "मी लय बोलले हो त्यान्ला. ताटावर बोलले. त्ये आर्धं जेवून उठायचे." मांडीवरची टरफले झाडली. "ज्या दिवशी गेले त्या दिवशी पानी मागितलं. मी म्हनलं, पोराचं वाटोळं केलंत, आता घ्या तुमच्या हातानं."

मी खाली बसलो.

"आता कुनाला सांगू सर ह्ये?" ती म्हणाली. "त्ये तर ऐकायला न्हाईत."

तिने माझ्यासाठी चहा टाकला. मी तो प्यायलो. महारुद्र दारात उभा होता, तो आत आला नाही.

यापुढे माझ्याकडे देण्यासारखे किंवा सांगण्यासारखे काही उरलेले नाही. वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला, वाचला आणि खालील दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

लिहून देणार : सूर्यभान आबासाहेब जोगदंड (सही)

साक्षीदार :

१. सुगत दत्तराव खंदारे, वय ६१ वर्षे, सेवानिवृत्त लिपिक, रा. गंगाखेड (सही)

२. महारुद्र चंद्रभान फड, जन्म ९ ऑक्टोबर १९८९, वय ३६ वर्षे, रा. गंगाखेड (सही)

ठिकाण : गंगाखेड, जि. परभणी
दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५