मेढीच्या कार्डावरची तिसरी ओळ

प्रिय चिमणे,

तुझ्या आईचं टेबल अजून आवरलेलं नाही. शब्दकोशाची बाकी सगळी कार्डं छापखान्यात गेली, एकच उरलंय, ‘मेढ’. त्यावर तिच्या अक्षरात दोन अर्थ आहेत. खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याभोवती मळणीचे बैल फिरतात. आणि जुन्या लाकडी तटाचा खांब. तिसऱ्या आकड्यापुढे काहीच नाही.

तिचा नियम तुला ठाऊक आहे. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, आणि जो पाहील त्यानंच लिहायचा. खळ्यावर ती दिवसभर बैलांमागे फिरली आणि पुढे आठवडाभर शिंकत होती. तटाच्या खांबासाठी उकरलेल्या खड्ड्यात उतरली, कुजका बुंधा वितीनं मोजला. मी वरून म्हणतोय, बाईसाहेब, आता घरी चला. तर म्हणे, तुम्ही जमिनी मोजा, माझ्या कामात लुडबुड नको.

तिसरा अर्थ तुझा. चित्रात देवी राक्षसाला ज्या खांबाशी बांधते, त्याला तुम्ही भिंतीवरची चित्रं दुरुस्त करणारे मेढ म्हणता, हे तू शिकाऊ असतानाच तिला सांगितलं होतंस. तुमच्या दोघींच्या अबोल्याला दोन वर्षं झाली तेव्हा तिनं हेच निमित्त काढलं. चित्र कधी दाखवतेस, एवढंच पत्र तुला लिहिलं. त्यासाठी चार कागद फाडले.

तुझं उत्तर आठ दिवसांत आलं. पाकीट मी फोडलं. “आई, ये. शिडी मी धरते.” चित्र छताला लागून, आणि डॉक्टरांनी तिला घरातला जिनासुद्धा बंद केलेला. ती चढलीच असती. मी ते पत्र माझ्या मोजणीच्या टेपांच्या डब्यात ठेवलं आणि उत्तर आलं नाही म्हणून सांगितलं. रोज दुपारी ती पोस्टमनची चौकशी करायची. मग एक दिवस म्हणाली, पोर कामात असेल. त्यानंतर विचारलं नाही. पाच महिन्यांनी गेली, ती शिडीवरून नाही, खुर्चीत बसल्या बसल्या.

ती गेली त्या दिवशी दारात तू विचारलंस, आईनं माझं पत्र वाचलं होतं ना? मी हो म्हणून मान हलवली. तू चपलाही न काढता परत गेलीस.

काल कार्ड खिशात घालून तुझ्या कामावर आलो होतो. शिडीच्या पायथ्याशी तुझ्या रंग सांडलेल्या चपला होत्या. वरून तुझा खोकला ऐकू आला. हाक न मारताच परत आलो. म्हणून हे लिहितोय. तिनं यायचं नाकारलं नाही, चिमणे. तू बोलावलंस हे तिला कधी कळलंच नाही. तुझं पत्र आणि तिचं कार्ड सोबत पाठवतोय. छापखाना गुरुवारपर्यंत थांबेल. मला माफ करू नकोस. पण चित्र तू पाहिलंयस, ती ओळ तुलाच लिहिता येईल. तेवढी लिही.

तुझाच, अजून स्वतःला बाप म्हणवणारा,
बाबा