श्रावणातली कच्ची मेथी

२२ जुलै १९७४, सोमवार
सुमनला धंतोलीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सातवा महिना. रक्त फार कमी. गोळ्या उलटून पडतात. "रोज ताजी पालेभाजी द्या, मागच्यासारखं होऊ नये." मागचं बाळ आठव्यात गेलं. हो म्हटलं खरं, पण पोरीचं नीट व्हावं म्हणूनच नवस बोलले आहे, श्रावणभर घरात पालेभाजी शिजणार नाही.

२३ जुलै
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "नवस तू बोललीस, तिच्या पोटातलं लेकरू नाही." मग म्हणे, शिजणार नाही म्हटलंस ना, कच्ची दे. देवाशी अशी वकिली... तरी मेथी आणली. दोन जुड्या, स्वस्त पडल्या.

२५ जुलै
ओल्या फडक्यात बांधलेली मेथी आतून बुळबुळीत. ही दमट हवा. गाईला घातली. सुमन : "काहून आणते वं आई एवढी एकदम?" गच्चीवर तेलाच्या जुन्या टिनात मेथीदाणे पेरले.

१ ऑगस्ट
बोटभर आली. कात्रीनं कापली, मीठ चोळून कडू पाणी पिळून टाकलं, वर लिंबू. सुमनला उलटी नाही. जपात लक्ष लागलं नाही.

५ ऑगस्ट, सोम.
धंतोली. रक्त तसंच. "मेथी कशी देता?" सांगितलं. "पिळलेलं पाणी कुठे जातं?" मोरीत. "मग बाई, रक्त मोरीलाच चढेल." सुमन हसली. मला हसू येईना. १७ला पुन्हा तपासणी. तेव्हाही कमी निघालं तर भरती करून रक्त चढवणार.

९ ऑगस्ट
पिळत नाही आता. सुमन जेवायला बसली की मी गच्चीवर जाते, कापते, धुते, लगेच ताटात. "कडू लागते का गं?" "मले चालते." तोंड तर वाकडं. बाळ कमी हलते म्हणाली. कच्ची दिली तरी माझ्या हातून नवस मोडलाच, म्हणून तर...

१० ऑगस्ट
सकाळी हललं. तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला.

१६ ऑगस्ट
उद्या अमावास्या, त्यात पोळा. तरी धंतोलीला जायचंच. जेवताना सुमन म्हणाली, "रक्त वाढलं तर कोणाचं म्हणशील आई, नवसाचं का मेथीचं?"
"आधी वाढू दे."
"अन् नाही वाढलं तर?"
तिच्या ताटात आणखी मूठभर वाढली. खा म्हटलं.