बर्फात गेलेली विहीण

अमरावती, ६ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई कौतिकाबाईंस शालूबाईचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुमी माहा फोन उचलत नाही, म्हणून माधवीच्या हाती चिठ्ठी देऊन रायली. ती आधी माही लेक हाय, मंग तुमची सून. राग तिच्यावर काढू नका.

आपल्या नातीनं, आचलनं, तुमची बरणी रिकामी केली, लोणचं गंजात काढलं, बरणीत पानकोबी अन् तिखट भरून आंगणात गाडली, हे आयकून मी येवढी हासली का शेजारीण पाहाले आली. कोरियाच्या सिनेमात बाया अशाच बरण्या गाडते. पोट्टी माह्या घरी ते पाहून शिकली, त्यात काय बिघडलं? लोणचं तसंबी तुमचं कडूच राहते. पण तेवढ्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत तिले माह्याकडं धाडत नाही म्हणता, हे बरं नाही. वर्षभर मी तिचीच वाट पाहातो.

शालूबाईनं पोरगी बिघडवली म्हणता ना? मंग पाहा एकदा. संग पेनड्राइव्ह हाय, त्यात तेच कोरियाचे सिनेमे भरले, टीव्हीले लावा. सारे हिंदीत बोलते. नावं इचारू नका, माही जीभ वळत नाही. एक भुताचा हाय, भुतीण चुलीपुढं बसून केस विंचरते. तुमाले बीपी हाय, दिवसाच पाहा. पोलिसाचा हाय, त्यातला जाड्या इन्स्पेक्टर चोरामागं पळतानाबी खाते, अगदी माहा जावई धम्मदीप. रडाचं मन असन तर बस चालवणाऱ्या बापाचा लावा, मी पदर वल्ला केला. डोंगरावरच्या भिक्खूचा बी हाय. त्यायच्याकडं बुद्ध हाय बरं, आपलेच लोक समजा. अन् शेवटी दोन विहिणींचा. तो जपून पाहा.

राग हाय तेवढाच असू द्या, वाढवू नका.

आचलची आजी शालूबाई

*

अकोला, १२ ऑक्टोबर

शालूबाईंस जयभीम वि. वि.

तुमचे सिनेमे पायले. हौस म्हणून नाही, पुरावा पाहिजे म्हणून. आचल कॉलेजात गेल्यावर, दार लावून.

भुतिणीले मी भेली नाही. तिच्या चुलीतली राख कोणी काढलीच नव्हती, आळशी भूत. धम्मदीप त्या जाड्यासारखा मुळीच नाही, माहा पोरगा चावून खाते. बसवाला बाप रडला तवा मी डोये पुसले, पण ते जांभईनं. भिक्खूच्या सिनेमात कोणी बोलतच नाही. तो पाहूनबी तुमी काई शिकल्या नाही, याचं नवल वाटते.

अन् विहिणींचा! भांडखोर ती पोराची माय, म्हणजे मीच का? बर्फानं दोघी एका घरात कोंडल्या, भांडल्या, अन् पोराची माय दार उघडून बर्फात निघून गेली. तिथंच सिनेमा बंद पडला. ती वापस आली का मेली, मले घेणंदेणं नाही. पण आर्धा माल धाडाची तुमची खोड जुनी. लग्नात बुंदीबी आर्ध्या पंगतीलेच पुरली होती.

बरणी माह्या सासूची होती. आचल येणार नाही.

माया कधी नव्हतीच, म्हणून मागत नाही.

कौतिकाबाई

*

अमरावती, १५ ऑक्टोबर

विहीणबाईंस जयभीम वि. वि.

तुमची चिठ्ठी वाचून मले येवढा आनंद झाला का चहा उतू गेला!

सिनेमा बंद पडला नाही. पेनड्राइव्ह भरून देणाऱ्या दुकानातल्या पोराले मीच सांगतलं, शेवटचा सिनेमा आर्धाच भर. तो म्हणे आजी, असं कोणी करते का. म्या म्हटलं, माही विहीण तुले माईत नाही.

बरणी सासूची होती हे मले माईत नव्हतं. त्यासाठी पोट्टीले मी समजावीन, पण त्याले ती समोर पायजे. शेवट मी पायला. काय शेवट हाय माय! आचलनं माह्या उंबऱ्यात पाय ठेवला का सांगीन, त्याच्या आधी नाही. सिनेमाचं नाव तुमाले माईत नाही, तवा कोणाले इचाराल? आचलले इचारलं तर दार लावून काय करत होत्या ते सांगा लागन.

जास्त काय लिहू, तुमाले झोप येत नसन.

शालूबाई

*

अकोला, १७ ऑक्टोबर

शालूबाईंस जयभीम वि. वि.

आचल रविवारच्या गाडीनं येते. तिले तिखट कमी द्या.

शेवट तिच्याजवळ सांगून धाडू नका. सुट्टी संपली का तिले न्यायले मी सोता येईन. तुमीबी तोंडानं सांगू नका, तुमच्या सांगण्यावर माहा भरवसा नाही. सिनेमा पयल्यापासून लावा, मी माह्या डोयानं पाहीन. तुमी बाजूले बसल्या तर चालन. बोलाचं नाही.

कौतिकाबाई