पांढरी वायर

७ नोव्हेंबर
नवनीत दोन वर्षांचा होऊन गेला. अजून आई म्हणत नाही. अंगणवाडीच्या ताई बोलल्या— कान दाखवून घ्या गं. घरात सांगितलं तर सासू— आत्याबाई— अंगावरच आल्या. "मन्हा हेमकांत बी उशिरा बोलना! आते पाह्य, कसा भांडस तुन्हासंगे!"

८ नोव्हेंबर
यांनी माळ्यावरून लहानपणीचा कम्प्युटर काढला. नुसता कीबोर्ड, टीव्हीला लावायचा. बटन दाबलं की चित्र येतं अन् सूर वाजतो. नवनीत खदाखदा हसला! हे म्हणे, "पाह्य, ऐकू येस त्याले!"

पण तो चित्राला हसला की सुराला? म्हटलं, उद्या त्याला पाठमोरा बसवते अन् मागून वाजवते. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांची तव्यावरची करपली.

९ नोव्हेंबर
चित्र आहे, आवाज नाही. काल तर होता! टीव्हीचा आवाज वाढवला. गेमची कॅसेट काढली, फुंकली, परत बसवली. काहीच नाही.

१० नोव्हेंबर
वायरींच्या पिना पुसल्या. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. तरी नाही. यांना म्हटलं, इंद्रसिंगला दाखवा, तो टीव्ही दुरुस्त करतो. "जुनं डबडं शे, जाऊ दे ना." यांना बरंच वाटलं. खरं लिहू? मलापण. आवाज नाही तोवर कळणार तरी नाही.

१२ नोव्हेंबर
आत्याबाई कापूस वेचायला गेल्या. राहवलं नाही. दोन्ही वायरी सारख्याच तर आहेत— पिवळी काढून आवाजाच्या भोकात लावली, इकडून अन् तिकडून. टीव्ही काळा झाला. अन् सूर वाजला! केवढ्याने! शेजारच्या रुक्मिणीबाई ओट्यावरून ओरडल्या, "काय वं रुपा, लगीनना बँड लाया का घरमा?"

नवनीत बटनं दाबत होता. प्रत्येक बटनाला सूर. तो काळ्या टीव्हीकडे बघायचा, परत दाबायचा. मग माझ्याकडे बघून रडायला लागला. त्याला वाटलं, बंद पडला.

आवाज पूर्ण वाढवला. भांडी थरथरली. तो तसाच बटनं आपटत रडत होता.

मग पांढरी वायर चाचपली. टीव्हीच्या मागे, दिसत नाही तिथे चीर. आतली तार तुटलेली. उंदीर असा कुरतडत नाही. सरळ चीर, विळ्याची.

१३ नोव्हेंबर
वायर आत्याबाईंपुढे धरली. वाटलं, शिव्या देतील. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली.

"मीच कापी वं. तुले दवाखानामाईन घर लयनूत, तव्हय मी त्याना कानजवळ थाळी वाजाडी, पोऱ्या व्हयना म्हनीसन. सर्वा पोरं दचकतस. हाऊ झोपेलच ऱ्हायना."