पावलं ऐकू न येणारा पोरगा

प्रिय आई,

मी मजेत आहे. टेक्सासात वारा बोचरा आहे, पण तू विणलेला स्वेटर अंगात असतो. धाकटा डॉर्सी नीट जेवतो ना? त्याच्या चाकाच्या खुर्चीला तेल दिलंस का?

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी खेळाडू हेरताना इथे एक पोरगा पाहिला, टॅव्हियन. उंच पास झेलताना अंगावर कोण धावून येतंय, तिकडे त्याचं लक्षच नसतं. त्याचे कोच मला म्हणाले, "अहो, याला पावलं ऐकूच येत नाहीत! डोळे झाकून संघात घ्या याला." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. आपल्या डॉर्सीलाही हीच मिळाली होती, मागून धडक बसून तो खुर्चीला खिळला, त्या शेवटच्या सामन्याआधी.

काल कोच त्याला एकट्यालाच पास देत होते. मैदानावर आम्ही तिघंच. चेंडू हवेत असताना मला धावत येणारी पावलं स्पष्ट ऐकू आली. मी ओरडलो, "डॉर्सी, मागे बघ!"

टॅव्हियनने वळून पाहिलं. चेंडू निसटला.

"काय हो, पोराला बिथरवताय?" कोच भडकले.

उद्या त्याच्याबद्दल कॉलेजला कळवायचंय. काय कळवू, आई? काल जाताना टॅव्हियन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, ती पावलं मलाही ऐकू आली."

डॉर्सीला हे वाचून दाखवू नकोस.

तुझा,
वेंडेल